०.२ व्होल्टचा मोह

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर गेमिंगवाली मंडळी येतात. काचेचा कॅबिनेट, निळे दिवे, भलेमोठे पंखे. मी मात्र हा उद्योग शिकलो मुळशीतल्या घोटावड्यात, आणि तोही मावसभावाच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या धंद्यापायी!

साल २००५, महिना मे. मी हिंजवडीत नोकरीला. माणवरून पुढे गेलं की घोटावडे, त्यामुळे शनिवार-रविवार मुक्काम मावशीकडे. भाऊ लग्नांचं शूटिंग करायचा आणि घरीच मिक्सिंग करून सीडी द्यायचा. एका लग्नाची फिल्म रेंडर व्हायला आठ तास. आणि लोडशेडिंग असं, की सलग आठ तास वीज म्हणजे चैनच. सातव्या तासाला लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. यूपीएस जेमतेम दहा मिनिटांचा. थोडक्यात, स्पीड ही आमची हौस नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न होता.

मशीनमध्ये एएमडीचा ॲथलॉन एक्सपी २५०० प्लस. ओव्हरक्लॉकवाल्यांचा तेव्हाचा लाडका प्रोसेसर. मूळ स्पीड १८३३ मेगाहर्ट्झ. पण बसचा वेग १६६ वरून २०० केला की तोच २२०० ला पळायचा, म्हणजे थेट ३२०० प्लस या महागड्या थोरल्या भावाच्या बरोबरीने. तेही चकटफू! आठ तासांचं काम सहा तास चाळीस मिनिटांवर आलं.

झालं, भूक वाढली. आता २४०० पाहिजे. तिथे मात्र मशीन हँग. त्याला १.६५ ऐवजी १.८५ व्होल्ट हवे होते आणि आमच्या साध्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये व्होल्टेजचा पर्यायच नव्हता.

मग उरतो व्होल्टमॉड. बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारी एक रेग्युलेटर आयसी असते. तिचा एक पाय फीडबॅकचा. बाहेर किती व्होल्टेज जातंय हे ती त्या पायाने बघत असते; कमी वाटलं की वाढवते. त्या पायापासून ग्राउंडपर्यंत एक प्रीसेट, म्हणजे फिरवता येणारा छोटा रेझिस्टर, जोडायचा. आयसीला वाटतं कमी पडतंय, आणि ती बिचारी आणखी ढकलते. बस्स, एवढीच लबाडी. आयसीच्या नंबरवरून डेटाशीट काढली, पुण्यात तापकीर गल्लीतून प्रीसेट आणला, सोल्डर केला आणि मल्टिमीटर लावून केसाकेसाने फिरवत गेलो. १.७... १.८... १.८५. मशीन २४०० वर चालू!

काका शेजारीच उभे होते.

"काय चाललंय रे?"

"व्होल्टेज वाढवतोय, काका."

"अरे, आमची विहिरीवरची मोटर व्होल्टेज कमी पडतं म्हणून जळते, आणि तुम्ही वाढवताय?"

काकांचं बरोबर होतं. दाब पडला की मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. चिपचं उलटं. तिची उष्णता स्पीडबरोबर वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. कागदावर हिशोब मांडला. १८३३ वरून २२०० : स्पीड वीस टक्के जास्त, उष्णता वीस टक्के जास्त. सौदा रास्त. २२०० वरून २४०० : स्पीड जेमतेम नऊ टक्के, उष्णता मात्र सदतीस टक्के! वाचणार किती, तर अर्धा तास. आणि भर लग्नसराईत, मेच्या उकाड्यात घरातलं एकुलतं एक मशीन जळलं तर? घेतलेले ॲडव्हान्स परत कुठून करायचे?

काका म्हणाले, "सगळी फिल्म एकदम कशाला करता? आम्ही पाणी एकेक वाफा भरत देतो. लाइट गेली तरी भरलेला वाफा कुठं जात नाही."

त्या रात्री फिल्मचे तुकडे पाडले. हळद, मिरवणूक, मंगलाष्टका, पंगत. प्रत्येक तुकडा वेगळा रेंडर करायचा आणि शेवटी जोडायचे. लाइट गेलीच, तर वाया जाणार फक्त चालू तुकडा. प्रीसेट मागे फिरवून १.६५ वर आणला. २२०० वर ते मशीन सगळी लग्नसराई धावलं.

आज प्रीसेटची गरज नाही. इंटेलने २००८ मध्ये टर्बो बूस्ट आणलं, तेव्हापासून प्रोसेसर गरजेनुसार आपला आपणच स्पीड वाढवतो. पण जास्तीच्या व्होल्टेजची किंमत तीच आहे. २०२४ मध्ये इंटेलचेच १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर क्रॅश होण्यावरून गाजले. कारण निघालं, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचा पॅच आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण झिजलेली चिप पॅचने बरी होत नाही.

ऑफिसात आपल्याही फीडबॅकच्या पायाला कुणीतरी प्रीसेट लावलेला असतोच. 'अजून कमी पडतंय', 'अजून थोडं ढकल'. पहिले वीस टक्के जरूर काढा, ते आपल्यात असतातच. शेवटच्या नऊ टक्क्यांसाठी तापण्याआधी मात्र कामाचे वाफे पाडता येतात का, ते एकदा बघा.