पॅकेजचा आकडा आणि हातात पडणारे पैसे

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. सालेकसा तालुक्यातल्या धनेगावजवळची ही मोठी गुहा गोंड बांधवांचे श्रद्धास्थान आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. आम्ही दोघे नवरा-बायको यात्रेत चहाचे दुकान लावतो. गेल्या यात्रेत आमचे लक्ष चहात नव्हते.

मुलगी इंजिनिअरिंगची परीक्षा पास झाली होती आणि सॉफ्टवेअरच्या दोन नोकऱ्या समोर होत्या. पुण्याच्या मोठ्या कंपनीत वर्षाला 3 लाख 60 हजार, नागपूरच्या लहान कंपनीत 2 लाख 64 हजार. शिक्षणाच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता 6 हजार. नातेवाईक म्हणत, "पुणेच घ्या, यात विचार कसला?" आम्हालाही तसेच वाटे.

त्या दिवशी हैदराबादला नोकरी करणारा एक गोंड तरुण आईवडिलांना घेऊन दुकानात बसला. "जय सेवा काकाजी" म्हणाला. बोलता बोलता आम्ही आमची अडचण सांगितली. त्याने कागद मागितला आणि हिशेब मांडला.

पुण्याचे महिन्याला 30 हजार दिसतात. त्यात 3 हजार कामगिरीवर अवलंबून, ते नंतर मिळणार. पी.एफ.चा कंपनीचा हिस्सा 1,800 आणि आपला 1,800, दोन्ही यातूनच. ग्रॅच्युइटीचे 720. हातात उरतात सुमारे साडेबावीस हजार. नागपूरचे याच रीतीने साडेअठरा हजार. म्हणजे फरक 8 हजारांचा नाही, 4 हजारांचा. पुण्यात खोली, मेस आणि बसभाडे धरून साडेअकरा हजार जाणार, नागपुरात साडेआठ हजार. उरला फरक एक हजाराचा!

आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो.

"पण एकाच कामाला गावोगावी वेगळा पगार का?" आम्ही विचारले. तो हसला. "काकाजी, इथलेच बघा ना." खरेच होते. 2025-26 साली रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये, तर दरेकसाच्या पुढे हद्द ओलांडली की छत्तीसगडात 261. माती तीच, फावडे तेच. सॉफ्टवेअरचेही तसेच. 2024 साली अमेरिकेत डेव्हलपरची मधली कमाई वर्षाला सुमारे 1 लाख 33 हजार डॉलर होती, म्हणजे कोटीच्या वर रुपये. ते काम इथे स्वस्तात होते म्हणून तर ते इथे येते. नवी मुले दरवर्षी लाखोंनी बाहेर पडतात, म्हणून मोठ्या कंपन्यांतला सुरुवातीचा पगार पंधरा वर्षांपासून साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. महागाई मात्र थांबलेली नाही.

"मग पगार वाढतो कशाने?" मुलीने विचारले.

"पहिली दोन-तीन वर्षे काय काम केले त्याने. नुसती वर्षे मोजू नका. दुसऱ्या नोकरीत विचारतात, तुम्ही स्वतः काय बनवले?"

मुलीने दोन्हीकडे फोन केला. पुण्याच्या कंपनीने सांगितले, काम कोणते ते प्रशिक्षणानंतर ठरेल, रात्रपाळीचे सपोर्टही मिळू शकते. नागपुरात पहिल्या महिन्यापासून प्रोग्राम लिहायला मिळणार होते. बरोबरच्या मुलांना किती पगार, हेही तिने विचारले. तेवढाच होता. संविधानाच्या 39 (घ) कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. मग विचारायला लाजायचे कशाला?

तिने नागपूर निवडले. हप्ता भरून तिच्या हाती जेमतेम चार हजार उरतात. नातेवाईक अजून नाके मुरडतात. निर्णय बरोबर की चूक, ते दोन वर्षांनी कळेल. पण तो आकड्याला भुलून घेतलेला नाही, एवढे समाधान आहे.

आमच्यासारख्या घरांत असा कागद पहिल्यांदाच येतो. म्हणून वाचकांना सांगणे एवढेच, पॅकेज ऐकून पेढे जरूर वाटा. पण सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हातात किती पडेल? राहण्या-खाण्यात किती जाईल? आणि मुलगा-मुलगी तिथे काय शिकेल?