नक्कल आणि ताळा

शाळेंत 'नक्कल' ह्या शब्दाचें नांव फार वाईट झालें आहे. तो ऐकतांच परीक्षेच्या दिवशीं शेजाऱ्याच्या कागदाकडे नजर टाकणारा मुलगा आम्हां शिक्षकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ह्याच शब्दाचा एक दुसरा, फार प्रामाणिक असा अर्थ आहे. कचेरींतील कारकून मूळ दस्तऐवजावरून नक्कल उतरवितो, दुसरा ती मुळाशीं रुजू घालून पाहतो, आणि मगच तिच्यावर 'खरी नक्कल' असा शेरा पडतो. ह्या दुसऱ्या नकलेविषयीं, व ती संगणकावर करणाऱ्या साधनांविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें.

नक्कल करणें सोपें. बिनचूक नक्कल करणें कठीण. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातांनीं उतरवितां उतरवितां सुमारें तीन शतकांत इतके अपपाठ शिरले कीं, शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, एकनाथांना त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. लेखनिक कांहीं आळशी नव्हते. पण दिव्याचा उजेड मंद असतो, डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो, आणि एकाची चूक पुढील दहा जण इमानानें उतरवितात. संगणकाला डुलकी लागत नाहीं हें खरें. पण वीज जाते, जोडणी तुटते, तबकडी झिजते. तेव्हां ताळा पाहण्याचें काम त्यालाही चुकलेलें नाहीं.

आमचे बहुतेक विद्यार्थी माउसनें चित्र धरून, ओढून व सोडून फाइलीची नक्कल करितात. दुसरी रीत म्हणजे कमांड लाइनवर, शब्दांनीं आज्ञा टंकून देणें. ही रीत जुनी आहे. १९६९ त अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी ह्यांनीं युनिक्स प्रणालीची उभारणी आरंभिली. तिच्यांतील 'सीपी' ही दोन अक्षरांची आज्ञा लिनक्सवर व मॅकवर आजही तशीच चालते. आधीं मूळ फाइलीचें नांव, मग जेथें नक्कल ठेवावयाची तें स्थळ, एवढेंच तिचें व्याकरण. मात्र ही आज्ञा मुकाट्यानें काम करणाऱ्या गड्यासारखी आहे. त्या ठिकाणीं त्याच नांवाची फाइल आधींच असली, तर ती न विचारतां तिच्यावर लिहून मोकळी होते. 'विचारून कर' असें सांगावयाचें असल्यास उणे चिन्ह देऊन 'आय' हें अक्षर जोडावें लागतें.

एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठविण्याचा इतिहास आम्हां भारतीयांस विशेष अभिमानाचा आहे. 'एफटीपी' नांवाच्या पद्धतीचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ ह्या तारखेचा असून तो लिहिणारे अभय भूषण हे आय. आय. टी. कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होत. त्या वेळीं ते अमेरिकेंत एम. आय. टी. मध्यें होते. पुढें 'आरसीपी' नांवाची आज्ञा आली. पण त्या काळच्या पद्धतींत मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जाई; एफटीपींत तर परवलीचा शब्दही वाटेंतल्या कोणासही वाचतां येई. १९९५ त फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत असे शब्द चोरले गेले, तेव्हां तेथील संशोधक टाटू युलोनेन ह्यांनीं 'एसएसएच' ही कुलूपबंद वाट तयार केली. तिच्यावरून फाइल नेणारी आज्ञा ती 'एससीपी'. एप्रिल २०२२ पासून ओपनएसएसएचमधील ह्या आज्ञेनें आपली जुनी अंतर्गत रीत बाजूस ठेवून 'एसएफटीपी' ही अधिक सुरक्षित रीत पत्करली. वापरणाऱ्याला टंकावें लागतें तें मात्र जवळजवळ पूर्वीचेंच आहे.

हें सर्व आम्हीं शिकलों तें हौसेनें नव्हे, गरजेनें. शाळेचीं जुनीं जनरल रजिस्टरें दमट हवेनें कुजूं लागलीं, म्हणून त्यांच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन तीं प्रयोगशाळेंतील संगणकावर ठेविलीं होतीं. त्यांपैकीं एका वहीला पुढें वाळवी लागली व ती हातीं धरण्याजोगीही उरली नाहीं. तिचें जें कांहीं शिल्लक होतें तें त्या संगणकांतच. काहीं वर्षांनीं तो संगणकही कुरकुरूं लागला, तेव्हां नवा घेतला. तो बसविणाऱ्या गृहस्थांनीं सर्व पानें माउसनें ओढून नव्यावर आणलीं. मध्येंच वीज गेली. ती आल्यावर त्यांनीं काम पुन्हा सुरू केलें, व 'असलेल्या फाइली वगळ' असें सांगितलें. सायंकाळीं 'सगळें आलें' असा निरोप देऊन ते गेले, आणि जुना संगणक मोडींत द्यावयाचें ठरलें.

आमच्या एका तरुण सहकारी बाईंनीं मात्र हट्ट धरला. "सर, मूळ मोडींत काढण्याआधीं रुजू घालूं या," असें म्हणून त्यांनीं दोन्ही संगणक शाळेच्या जाळ्यावर जोडले व 'आरसिंक' नांवाची आज्ञा टंकली. तिला त्यांनीं 'एन' आणि 'सी' हीं अक्षरें जोडलीं. 'एन' म्हणजे प्रत्यक्ष कांहीं न करितां काय केलें असतें तेवढें सांग. 'सी' म्हणजे नुसता आकार व वेळ पाहून समाधान मानूं नको, आंतील मजकूर ताडून पाहा. नक्कल पुरी असती तर पडद्यावर एकाही पानाचें नांव येतें ना. परंतु नांवांमागून नांवें येऊं लागलीं. कांहीं पानें मुळींच आलीं नव्हतीं. आणि वीज गेली त्या क्षणीं जें पान वाटेंत होतें, तें अर्धेंच येऊन पूर्ण नांवानें बसलें होतें. नांव पाहून वगळणाऱ्या यंत्रानें त्याला 'आलेलें' समजून सोडून दिलें होतें. बाईंनीं 'एन' काढून आज्ञा पुन्हा दिली, व जेवढें उणें होतें तेवढेंच नव्या संगणकावर गेलें.

ही 'आरसिंक' आज्ञा ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस ह्यांनीं १९९६ त प्रसिद्ध केली. तिची युक्ति मुलांनीं समजून घेण्याजोगी आहे. समजा, पुण्यास एका गुरुजींजवळ पुस्तकाची सुधारलेली प्रत आहे व मिरजेच्या गुरुजींजवळ जुनी. सगळें पुस्तक टपालानें पाठविण्याऐवजीं मिरजेचे गुरुजी आपल्या प्रतीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाच्या अक्षरांवरून एक बेरीज काढितात व तेवढ्या बेरजा पुण्यास कळवितात. पुण्याचे गुरुजी आपल्या प्रतींत त्या बेरजा कोठें जुळतात तें पाहतात, आणि न जुळणारा भागच पाठवितात. संगणक अशा दोन बेरजा धरितो: एक झटपट काढण्याची, दुसरी सहसा न फसणारी. दूरच्या, मंद वाटेवर ह्यानें फार बचत होते.

ह्याच जातीचा आणखी एक ताळा 'एसएचए-२५६' नांवाचा आहे. फाइल लहान असो वा मोठी, तिच्यावरून तो ६४ अंकाक्षरांची एक खूण काढितो. मूळ व नक्कल ह्यांच्या खुणा तंतोतंत जुळल्या, तर नक्कल खरी मानावयास हरकत नाहीं. फाइलींत एक अक्षर बदललें तरी खूण पार निराळी होते.

विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. 'आरसिंक' मध्यें मूळ संचिकेच्या नांवापुढें तिरपी रेघ दिली तर तिच्या आंतील वस्तु जातात. न दिली तर ती संचिकाच उचलून पलीकडे ठेविली जाते. आणि 'डिलीट' हा शब्द जोडला तर मुळांत नसलेलें सारें पलीकडून पुसलें जातें. मूळ कोणतें व नक्कल कोणती ह्याची उलटापालट करून ही आज्ञा दिल्यास रिकाम्या संचिकेची नक्कल भरलेल्या संचिकेवर होते! म्हणून आधीं 'एन' जोडून पाहावें.

त्यानंतर कांहीं महिन्यांनीं एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून शाळेंत आल्या. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत जन्मतारखेचा घोळ होता. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या घरांत माझा जन्म कुणीं लिहून ठेविला नाहीं. तो फक्त शाळेनें लिहिला." त्यांचें पान वाळवी लागलेल्या वहींतलें होतें, आणि बाईंनीं रुजू घालून आणलेल्या पानांपैकींच तें एक निघालें. वर त्यांचें नांव, पुढें वडिलांचें, आणि खालीं कोण्या जुन्या गुरुजींच्या वळणदार अक्षरांत तारीख. आम्हीं त्यांना त्याची नक्कल करून दिली व तिच्यावर सहीशिक्क्यासह 'खरी नक्कल' असें लिहिलें.

विद्यार्थीमित्रांनो, तुमचींही नांवें आज त्याच रजिस्टरांत आहेत. तीं पुढें कितीएक संगणकांवरून उतरविलीं जातील, व तें काम तुमच्यापैकींच कोणाच्या तरी हातीं येईल. आज्ञा कोणतीही असो, ताळा जुळल्यावांचून मूळ पुसूं नका.