मनीचे कान आणि आपली जयणा



मांजराच्या कानातल्या किड्यांना औषध घालायचं की नाही? घरात मांजर असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणींना हा प्रश्न पडतो. यंदा पावसाळ्यात आमच्या मनीच्या कानांत किडे झाले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "एका जिवासाठी इतके जीव घ्यायचे का गं?" त्या पीठसुद्धा दोनदा चाळून घेतात. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

हे किडे म्हणजे पिसवा किंवा गोचीड नव्हेत. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, आठ पायांचे हे जीव. डॉक्टर त्यांना माइट्स म्हणतात. ते कानाच्या आत राहतात. मांजर सारखं डोकं झटकतं, कान खाजवतं, आणि आत चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसतो. मनीने खाजवून कानामागची कातडी सोलली होती. दुर्लक्ष झालं तर कानात पू होतो, कानाची पाळी आतून रक्त साचून फुगते. शिवाय हे किडे एका मांजरावरून दुसऱ्यावर जातात, आणि मनीची दोन पिल्लं तिच्या कुशीतच होती.

"मग काढून बाहेर सोडता येणार नाहीत का?" सासूबाईंचा पुढचा प्रश्न. आपल्या परंपरेत असं केलेलं आहे. अहमदाबादच्या पांजरापोळात जीवातखाना असे. घरोघरचा किडे-मुंग्या असलेला केर तिथे आणून ठेवत, सोबत धान्यही टाकत. पण या किड्याचं घर म्हणजे कानच. बाहेर काढला की तो काही दिवसांत अन्नावाचून मरतो. सोडून देणं म्हणजे फक्त आपल्या डोळ्यांआड मरू देणं.

आपण श्राविका. आपल्या अणुव्रतात निरपराध त्रस जिवाला मारण्याच्या संकल्पाने मारण्याचा त्याग आहे. औषध घालताना माझा संकल्प मनीची वेदना थांबवण्याचा होता. तरी जीव गेले ते गेलेच. हेतू चांगला म्हणून हिशेब कोरा होत नाही. म्हणून त्या दिवशी प्रतिक्रमणात त्यांनाही मिच्छामि दुक्कडं म्हटलं.

पण खरी जयणा औषधाच्या आधीची आहे. या किड्याच्या अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. आज मूठभर आहेत, ते महिन्या-दोन महिन्यांत कितीतरी होतात. जितकं लवकर दिसेल तितके कमी जीव जातात. साध्वीजी रोज दोन वेळा वस्त्रांचं पडिलेहण करतात, ते यासाठीच ना? तेच मांजराचंही करायचं.

दर रविवारी कान उजेडात बघा. आमचं कोरेगाव भीमा नदीकाठचं, पावसात गोधड्या लवकर वाळत नाहीत. म्हणून मांजराच्या अंथरुणाला जुनी सुती साडी बरी. ती झटकून धुवायची आणि ऊन पडलं की वाळवायची. नवीन पिल्लू आणलं तर कान तपासेपर्यंत वेगळं ठेवा.

आणि मैत्रिणींनो, रॉकेल, फिनाईल, कापूर असलं काही कानात किंवा अंगावर घालू नका. मांजर अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं. कुत्र्याचं गोचिडांचं औषध तर मुळीच नको. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो. पशुवैद्याला दाखवा. सेलामेक्टिनसारखं औषध मानेच्या मागे कातडीवर घालतात. मात्रा वजनाप्रमाणे डॉक्टरच सांगतील, पिल्लांचं वय किती तेही त्यांना सांगा. घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच वेळी उपचार करा, नाहीतर किडे परत येतात आणि परत औषध घालावं लागतं.

चातुर्मास बसायच्या आधी आपण धान्य, मसाले, डबे सगळं निवडून-पुसून ठेवतो. त्याच आठवड्यात मांजराचे कानही एकदा बघून ठेवा.