नाकासमोरचं अंतर

नकाशाच्या कामात मला रोज विचारलं जातं, ‘इथून तिथं किती?’ संगणकावर रेघ ओढली की उत्तर मिळतं, फक्त ते कुणाच्या कामाचं नसतं. गडचिरोली ते भामरागड नाकासमोर जेमतेम १०५ किलोमीटर. पण एस.टी. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत जाते, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागड कित्येक दिवस तुटायचं. चंद्रपूर ते चेन्नई पावणेआठशे. विमानानं जायचं तर आधी उलट उत्तरेला, नागपूर गाठायचं.

पाखरांना रस्त्याची अडचण नाही, म्हणून ती तरी सरळ जात असतील असं मला वाटायचं. एन-११ नं तो समज मोडला.

पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पुठ्ठ्याची दहा गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोब्यात बोटेझरीला आणली. ऑगस्टमध्ये पाठीवर जीपीएस बांधून सोडली. त्यातलं एन-११ छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक हिंडत तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या तिरुमयमपर्यंत गेलं. बातम्यांत आकडा आला चार हजार किलोमीटर. बोटेझरीहून तिरुमयम नाकासमोर मोजलं तर अकराशेच्या आसपास.

माझ्या मते चार हजारही कमीच. जीपीएस काही सलग बघत नाही, ठरावीक वेळानं एक ठिपका टाकतो. दोन ठिपक्यांमध्ये आपण सरळ रेघ ओढतो आणि त्या रेघांची बेरीज करतो. गिधाड मात्र पंख फारसे हलवतच नाही. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा वर चढते. ते तिच्यात शिरून गोल गोल घिरट्या घालत उंच जातं, मग घसरत पुढच्या गरम हवेपर्यंत. घिरटीची त्रिज्या ५० मीटर धरा. वीस घिरट्यांत सहा किलोमीटरहून जास्त उडणं झालं, नकाशावर मात्र शून्य. ठिपके जवळजवळ घेतले की अंतर वाढतं, लांब घेतले की घटतं. पक्षी तोच, दिवस तोच!

वेळेचंही तसंच. ‘किती दिवसांत पोचलं?’ याला उत्तर देणं अवघड, कारण ते कुठं पोचायला निघालंच नव्हतं. ढगाळ दिवशी गरम हवा उठत नाही; गिधाड झाडावरच बसून राहतं. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला मेलेलं ढोर कुठं सापडेल हे शिकवणारंही कुणी नसतं. गडचिरोली जिल्ह्यात कुनघाड्याकडे गिधाडांसाठी ढोरं टाकायची जागा केलेली आहे. पण ती वरून ओळखायला आधी तिथून जावं लागतं.

तिरुमयमजवळ ते अशक्त होऊन खाली उतरलं. उडणारं पाखरू नकाशावर लांब लांब ठिपके टाकत जातं. दमून बसलेल्याचे ठिपके एकावर एक पडतात, आणि पडद्यावर ते सगळे मिळून एकच दिसतात.