एका लहान गावचे चर्च आणि एक अधिकारी

झाशीजवळच्या बरुआसागरचा विस्तीर्ण तलाव ओरछ्याच्या उदितसिंह राजाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. राजाचे नाव टिकले. ज्या कारभाऱ्यांनी माणसे जमविली आणि हिशोब ठेवले त्यांची नावे लोपली. तो बंधारा पाहताना मला एका निराळ्या गावाची आठवण झाली. तेथे शिखरावर राजा आहे, परंतु वास्तूची कथा अधिकाऱ्याची आहे.

ते गाव म्हणजे बंगालमधील हुगळीकाठचे सेरामपूर (आपले अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे). अठराव्या शतकात ही डॅनिश वसाहत होती आणि ओले बी हा तिचा गव्हर्नर. १७९९ च्या ऑक्टोबरात मार्शमन, वॉर्ड आणि त्यांचे सहकारी बॅप्टिस्ट मिशनरी तेथे उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या मुलखात मिशनरी नको होते. पाहुण्यांना परत पाठविणे बीला सोपे होते. त्याबद्दल त्याला कोणी जाबही विचारला नसता. त्याने त्यांना आश्रय दिला. जानेवारी १८०० मध्ये विल्यम केरी त्यांना येऊन मिळाला आणि छापखाना उभा राहिला.

बॅप्टिस्ट पंथात श्रद्धा स्वतः प्रकट करणाऱ्यालाच पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला तो हुगळीच्या पात्रात. स्वतः गव्हर्नर काठावर हजर होता. मिशनचे प्रार्थनागृह म्हणजे विकत घेतलेल्या घराचा दिवाणखाना.

गावाचे चर्च बीने त्याच सुमारास वर्गणीतून उभारावयास घेतले. सेंट ओलाव्हचे हे चर्च लुथरन पंथाचे. पुढे जोडखांबांचा द्वारमंडप, त्रिकोणी शिरोभागावर ख्रिश्चन सातवा या डॅनिश राजाचे मुद्राक्षर, सपाट छप्पर आणि वर घंटेचा मनोरा. अलंकरण बेताचे, प्रमाण मात्र डौलदार. नदीपलीकडे बराकपूरला इंग्रज गव्हर्नर जनरलांचे निवासस्थान होते. लॉर्ड वेलस्लीनेही हजार रुपये दिले. ज्या राजवटीला मिशनरी खुपत होते, तिच्याच प्रमुखाची ही वर्गणी! काम १८०६ मध्ये पुरे झाले. बी १८०५ च्या मे महिन्यातच वारला होता. पुढे त्याच चर्चमध्ये बॅप्टिस्ट मंडळीच उपासना चालवू लागली. केरी, मार्शमन, वॉर्ड यांचे स्मृतिलेखही तेथे आहेत.

या साऱ्याशी आपला संबंध काय, असे वाचक विचारतील. बी वारला त्याच वर्षी केरीचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. १८१० मध्ये मोडी लिपीतील मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला आणि १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी. वैजनाथ पंडित हे या कामी केरीचे साहाय्यक. परमुलखात राहून मराठीची चिंता वाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे की, मराठी गद्याचे हे आरंभीचे छापील ग्रंथ महाराष्ट्राबाहेर, हुगळीकाठी तयार झाले.

१८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर आणि तरंगंबाडी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकले. झेंडा उतरला, चर्च राहिले. पुढे ते मोडकळीस आले. पश्चिम बंगालचा वारसा आयोग आणि डेन्मार्कचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने त्याचा जीर्णोद्धार झाला. २०१६ मध्ये त्यास युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारही लाभला.

शासकीय सेवेत स्वविवेकाचा अधिकार वापरण्याची भीती वाटते, कारण 'नाही' म्हटल्याचा हिशोब सहसा कोणी मागत नाही. बीच्या 'नाही'ने काय हुकले असते हेही कोणाला कळले नसते. त्याचे 'हो' मात्र मराठी ग्रंथालयांच्या जुन्या कपाटांत आजही जपलेले आहे.