खरखर आणि घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हातात सोल्डरिंग आयर्न धरले की पाहणाऱ्याला तो वाट चुकलेला वाटतो. "हे सायन्सवाल्यांचे काम," असे माझे वर्गमित्र म्हणतात. सायन्सवाले मित्र म्हणतात की त्यांच्या प्रयोगवहीत ट्रान्झिस्टर असतो, पण ट्रान्झिस्टर रेडिओ नसतो. मग हे काम कुणाचे? माझ्या मते ज्याच्या घरी बंद पडलेला रेडिओ आहे आणि तो ऐकणारे माणूसही आहे, त्याचे.

आमच्या घरी ते माणूस म्हणजे आजी. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. आजोबांनी १९८२ साली तीनशे रुपयांना घेतलेला, चार मोठ्या सेलांचा ट्रान्झिस्टर तिच्या उशाशी असतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा आवाज क्षीण होत होत डासाच्या गुणगुणण्याइतका उरला. वडील म्हणाले, नवा मोबाईल घेऊ, त्यावर आकाशवाणीची बरीच केंद्रे लागतात. ते खरेही आहे. मोबाईल आला. आजीने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "ह्या काचेला नाक ना डोळे. कुठं दाबू रे बाळा?" जुन्या सेटवर तिला असे कधी विचारावे लागले नव्हते. डावीकडचे लहान बटण आवाजाचे, उजवीकडचे मोठे स्टेशनचे. मोठे बटण शेवटपर्यंत डावीकडे नेऊन मग किती फिरवायचे, हे तिच्या मनगटाला पाठ होते.

म्हणून मी तो सेट घेऊन खडेबाजाराजवळच्या एका बोळातल्या मेस्त्रींकडे गेलो. मेस्त्रींचे दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि पत्र्याच्या डब्यांची भिंत. ते निम्मे मराठीत आणि निम्मे कन्नडमध्ये बोलतात. कुठला निम्मा केव्हा येईल ते सांगता येत नाही. माझे सगळे शालेय विज्ञान मराठीत झाले. रोध, धारित्र, वर्धक हे शब्द मला चांगले येत होते. ते मी मेस्त्रींना ऐकवले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "हे कुठल्या मंत्रातलं?" त्यांच्याकडे रोध म्हणजे रजिस्टन आणि धारित्र म्हणजे कंडेन्सर. पण मजा अशी की धारित्र म्हटल्यावर ते काय करते हे नावातूनच कळते, विद्युतभार धरून ठेवते; कंडेन्सर या शब्दातून मला आजवर काही कळलेले नाही. तेव्हा दुकानात मी कंडेन्सर म्हणतो आणि मनात धारित्र.

मेस्त्रींनी शिकवलेली पहिली गोष्ट फार मोलाची. बिघाड शोधताना सगळा सेट तपासायचा नाही, मधोमध बोट ठेवायचे. आवाजाच्या बटणाच्या मधल्या पिनेला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावायचे. स्पीकरमधून घरघर किंवा कट्ट असा दणदणीत आवाज आला तर पुढचा अर्धा सेट ठीक आहे, दोष मागे. आवाज आला नाही तर दोष पुढे. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. आमच्या सेटने फक्त किंचित कण्हून दाखवले. "इल्लि जीव अद," मेस्त्री म्हणाले. जीव होता, पण स्पीकरकडे जाणारा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून वाळून गेला होता. या जातीच्या कंडेन्सरमध्ये ओलसर द्रव्य असते आणि वर्षानुवर्षांत ते सुकते. नवा पाच रुपयांना मिळाला. सेलांच्या स्प्रिंगा पॉलिश पेपरने घासल्या, बटणाखालची धूळ काढली, आणि सेट बोलू लागला. आजी काही म्हणाली नाही. तिने आवाज थोडा कमी केला, इतकेच.

त्या दिवसापासून मला उघडलेल्या रेडिओचे वेड लागले. त्यात सगळे दिसते. स्टेशनचे बटण फिरवले की दोरी सरकते, दोरीबरोबर काटा सरकतो आणि गँगच्या आतली पाती एकमेकांत शिरतात. गँग म्हणजे एकाच दांड्यावरचे दोन कंडेन्सर. एक हवे ते स्टेशन पकडतो, दुसरा सेटमध्येच एक लहर तयार करतो, आणि या दोहोंतला फरक कायम ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास राहतो. कुठलेही स्टेशन लावा, पुढच्या भागाला नेहमी तोच एक आकडा सांभाळायचा असतो. आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९१८ साली काढलेली ही युक्ती मला अजूनही थक्क करते. त्या आकड्यासाठी चौकोनी पत्र्याच्या डब्यांत पिवळे, पांढरे, काळे पेचांचे डोळे असतात. त्यांना उगाच हात लावायचा नाही, अशी मेस्त्रींची सक्त ताकीद आहे.

आता वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी थोडेसे. आमच्या घरात आजोबांची एक वही आहे. तिच्या मागच्या पानावर त्यांनी लिहून ठेवले आहे: धारवाड ७६५, सांगली १२५१, पणजी १२८७. या तिन्ही आकड्यांना ९ ने भाग जातो. हा योगायोग नव्हे. १९७५ साली जिनिव्हा येथे झालेल्या परिषदेत आपल्याकडच्या मध्यम लहरींवरील स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठरले आणि आकडे ९ च्या पटीत आले. आणि तेरीज जुळत नसेल तेव्हा आपले प्राध्यापक काय सांगतात? फरकाला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संभव आहे. तेव्हापासून मला तेरजेतही स्टेशने दिसतात.

बेळगावचे भाग्य असे की ही तीन गावे तीन दिशांना आहेत. उत्तरेला सांगली, आग्नेयेला धारवाड, नैऋत्येला पणजी. ट्रान्झिस्टरच्या आत तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची काळी कांडी सेटच्या लांबीत आडवी असते. तीच त्याची एरियल. ही कांडी स्टेशनला आडवी धरली तर आवाज स्पष्ट येतो, आणि तिचे टोक स्टेशनकडे केले तर तो जवळजवळ नाहीसा होतो. आजीला फेराइट ठाऊक नाही. पण धारवाडसाठी सेटचे तोंड न्हाणीघराकडे, सांगलीसाठी देवघराकडे, हे तिचे ठरलेले. धारवाड आकाशवाणी १९५० साली सुरू झाली आणि सांगली १९६३ साली, म्हणजे आजीच्या आयुष्यात दोन्ही बोलू लागल्या. तिचे कन्नड बरेचसे रेडिओतून आले आहे आणि माझे तिच्यातून. भाजीवाली माझ्या कन्नडला हसते. "बातम्या देतोस काय?" म्हणून विचारते.

एक अडचण मात्र कंडेन्सर बदलून जात नाही. संध्याकाळी सेट लावला की स्टेशनच्या आधी करकर ऐकू येते. एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत असतात, आणि त्याचे पडसाद थेट मध्यम लहरींत उतरतात. गल्लीत जितके दिवे, तितकी खरखर. म्हणून वीज गेली की सगळी गल्ली हळहळते आणि आमची आजी म्हणते, "लाव बघू आता." अंधारात आवाज असा लख्ख येतो की निवेदकाने पान उलटलेलेही कळते. रात्री तर दूरदूरची स्टेशनेही येतात. दिवसा सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या भागात जो थर तयार होतो तो या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि त्याहून उंचावरचे थर लहरींना परत जमिनीकडे पाठवतात. या थरांना आमच्या पुस्तकात आयनांबर म्हटले होते. कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांनी त्यांच्या अभ्यासात हयात घालवली आणि १९४७ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे नाव आमच्या पाठ्यपुस्तकात असायला हवे होते.

घसारा शिकताना मी आमच्या रेडिओचा हिशेब केला. मूळ किंमत तीनशे, दर दहा टक्के, घटत्या शिल्लकीची पद्धत. चाळीस वर्षांनी शिल्लक उरते सुमारे ४ रुपये ४३ पैसे. म्हणजे यंत्राहून त्यात बसवलेला कंडेन्सर महाग! वहीच्या दृष्टीने मी शुद्ध वेडेपणा केला. प्राध्यापकांना हे दाखवले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. उपयुक्त आयुष्याचा अंदाज मात्र पुन्हा करावा लागेल."

हा अंदाज करणे माझ्या हातात नाही, हीच खरी काळजी. सेट मी चालू ठेवीन, पण स्टेशनही चालू राहिले पाहिजे. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींवरची काही जुनी प्रक्षेपणे बंद झाली. कार्यक्रम एफएमवर आणि मोबाईलवर गेले. खर्चाचे गणित मला समजते, परीक्षेत मी तेच उत्तर लिहीन. पण आमच्या सेटला एफएम नाही आणि आजीच्या बोटांना काच कळत नाही. तिने एकदा विचारलेही, "धारवाड बंद करणार नाहीत ना रे?" मी म्हटले, "कालच लागलं होतं की." तिने सेटचे तोंड न्हाणीघराकडे वळवले.

सध्या माझ्या टेबलावर शेजाऱ्यांचा व्हॉल्व्हचा सेट आला आहे. उघडण्याआधी तो दोन दिवस प्लगवाचून ठेव, असे मेस्त्रींनी बजावले आहे. त्याचे मोठे कंडेन्सर बंद सेटमध्येही झटका देतात. गँग उत्तम आहे, दोरी तुटली आहे आणि मागच्या पुठ्ठ्यात पालीची अंडी होती. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असा सेट पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला वाणिज्य विभागात येऊन भेटावे. सुटे भाग हवेच आहेत. घसारा मी फुकट काढून देईन.