आईंचं सामायिक आणि पलंगाखालचा दिवा



रीडेव्हलपमेंटमुळे तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही बोरिवली पूर्वेला आमच्याच जागेवर परत आलो. पूर्वी दुसरा मजला होता, आता अकरावा. मंदिरात भेटणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, कपाटं कशी केली, वायरी कुठे लपवल्या, सांगा ना. सांगते. पण या कामात माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहे. नाहीतर नुसत्या प्लायवूडच्या गप्पा होतील.

मुलाला सगळं आपोआप चालणारं घर हवं होतं. सूनबाईला शांत घर हवं होतं, म्हणजे वायर दिसायला नको, हँडल नको, फिका एकच रंग. मला एवढंच हवं होतं की झुरळाला लपायला जागा नको. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८८, त्यांनी फक्त पूर्वेकडे तोंड करून बसता येईल असा एक कोपरा मागितला.

मी बीकॉम. लग्नाआधी दोन वर्षं लेजर लिहिली आहेत, त्यामुळे सुतारकामाची वही माझ्याकडे. मिस्त्री राजस्थानचे, हाताला शांत माणूस. पहिल्याच दिवशी माझं-त्यांचं वाजलं ते ओट्याखालच्या ट्रॉल्यांवरून. त्यांच्या खाली पट्टी मारून बंद करायची पद्धत आहे. त्या पट्टीमागे काय काय नांदतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग एक दिवस फवारा मारायची वेळ येते, आणि तो मारणारा हात आपलाच असतो. मी पट्टी काढायला लावली आणि सहा इंची स्टीलचे पाय बसवून घेतले. मऊ झाडू थेट भिंतीपर्यंत जातो. सूनबाईला ते उघडं दिसतं, अजूनही आवडत नाही.

सिंकच्या भागाला आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतला, बाकी ठिकाणी आयएस ३०३. पण प्लायपेक्षा कडांकडे बघा. आतली कड, जी कोणाला दिसत नाही, ती सुतार तशीच सोडतात. ओल तिथूनच शिरते आणि मागोमाग जीव येतात. मी प्रत्येक कड बंद करून घेतली. नळाशेजारी पाण्याचं गाळणं वाळत घालायला छोटी दांडी करून घेतली, शटर बंद केलं की दिसत नाही. बिजागऱ्या सॉफ्ट क्लोजच्या आहेत. पहाटे डबे काढताना आईंच्या जपात आवाज जात नाही, यासाठी ते पैसे द्यावेत.

आता लाकडाचं. जुन्या घराचं मुख्य दार सागवानी होतं, १९७४ चं. बिल्डिंग पाडायच्या आधी आम्ही त्याची चौकट काढून आणली आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात पलंगाखाली सांभाळली. सगळे हसले. पण सागवान असं टाकायचं नसतं. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकातला कोरीव सागवानी घुमट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये उभा आहे. आमची चौकट त्यापुढे तान्हं बाळ.

मिस्त्री म्हणाले, जुन्या सागाला लाखेचं पॉलिश शोभतं. मी थांबवलं. लाख ही किड्यांपासून मिळते हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? फांदीवर वस्ती करणारे ते बारीक कीटक, त्यांचा स्राव खरवडून आणि वितळवून चपडा करतात. मेणाचं पॉलिश बहुतेक मधमाश्यांच्या मेणाचं. पूर्वी सुतार चिकटवायला सरस वापरत, तोही जनावरांच्या हाडाकातड्यांचा. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला तेव्हापासून निदान ती काळजी कमी झाली. आम्ही जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. चकाकी कमी येते आणि वाळायला दिवस लागतात, पण हाताला छान लागतं.

मुलाच्या तंत्रज्ञानातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. स्वयंपाकघरात एक टायमर आहे, त्याला मुंबईचं ठिकाण सांगून ठेवलं की रोजचा सूर्यास्त तो स्वतः काढतो. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात-वीसला, त्यामुळे घड्याळाच्या ठरलेल्या वेळेवर भरवसा ठेवून चालत नाही. सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, ओट्यावरचा पिवळा दिवा लागतो. पानं घ्यायची वेळ झाली. सून ऑफिसमधून येते तेव्हा तिच्या जेवणाची वेळ टळलेलीच असते, तो प्रश्न कुठलाच टायमर सोडवत नाही.

आता चुकीचं. भाड्याच्या घरात आई एकदा रात्री बाथरूमला जाताना पडल्या. मनगटावर निभावलं. मुलाने ते मनाला लावून घेतलं. नव्या घरात त्याने त्यांच्या पलंगाखाली सेन्सरचा दिवा बसवला. शरीराच्या उष्णतेची हालचाल कळली की लागतो, माणूस स्थिर बसलं की थोड्या वेळाने विझतो. तो म्हणाला, "आजीला सांगू नकोस, ती नको म्हणेल. तिला कळणारसुद्धा नाही." मी मान हलवली.

आठ-दहा दिवसांनी पहाटे पाचला मी त्यांच्या खोलीत डोकावले. आई आसनावर अंधारात अगदी ताठ बसलेल्या. सामायिकाच्या सुरुवातीला चारी दिशांना तीन-तीन आवर्त आणि एक शिरोनती असते, ते त्या कधी चुकवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी ते केलंच नव्हतं. सामायिक संपल्यावर म्हणाल्या, "हा दिवा माझ्या हलण्याने लागतो ना?"

मुलगा म्हणाला, "आजी, तू बटण दाबलंच नाहीस."

"कृत नाही, पण कारित आहे की. आणि आता कळल्यावर वापरला तर अनुमोदनाही झाली." मग माझ्याकडे बघून, "दिव्याचं राहू दे. माझ्याभोवती काय काय बसवलंय तुम्ही? कॅमेरापण आहे का?"

कॅमेरा नव्हता. पण तो प्रश्न त्यांना विचारावा लागला. दर भाद्रपदात दशलक्षणाच्या तिसऱ्या दिवशी मी उत्तम आर्जवावर प्रवचन ऐकते, वहीत टिपणंही काढते. मायाचार म्हणजे काहीतरी मोठी फसवणूक, असंच इतकी वर्षं मला वाटत होतं. मी आईंची माफी मागितली. त्यांनी "असू दे" म्हटलं, पण दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

सेन्सर काढला. पण पडण्याचं काय, हा मुलाचा प्रश्न खोटा नव्हता. मग आईंनाच विचारलं, जे आधी करायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "धरायला काहीतरी द्या. दिसण्यापेक्षा धरणं महत्त्वाचं."

मिस्त्रींनी चौकटीच्या उभ्या लाकडातून पलंग ते बाथरूम असा कठडा केला. दीड इंच जाड, बोटं भिंतीला घासू नयेत एवढं अंतर ठेवून. उंची टेपने नाही ठरवली, आईंना उभं करून त्यांच्या मनगटाशी खूण केली. अडीच दिवसांची मजुरी. खालच्या खाचेत पाच वॉटची पिवळी पट्टी आहे, पांढऱ्या उजेडापेक्षा पिवळ्यावर किडे कमी येतात म्हणून, आणि वर बंद झाकण. ती संध्याकाळी मी बटण दाबून लावते आणि सकाळी मीच बंद करते. अकरा तास जळली तरी महिन्याला पावणेदोन युनिटच्या आत. सेन्सरने वीज याहून कमी लागली असती, हे मुलाने मला दोनदा दाखवून दिलं. खरं आहे. आई म्हणतात, "तो दिवा तुझ्या खात्यात." मी म्हटलं, लिहा.

जुन्या चौकटीत कडीची खाच होती. मिस्त्री ती बुजवणार होते, आईंनी राहू द्यायला सांगितली. रात्री हात सरकत सरकत त्या खाचेत आला की त्यांना कळतं, बाथरूम आता दोन पावलांवर आहे.